कागदाखालचं नाव

बाई, तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला. आमच्यात एवढ्यात तेरावं होऊन, गोडाचं जेवण होऊन माणसं परत रानात कामाला लागलेली असतात. तुमच्यात काय करतात ते मला माहीत नाही. नाताळ झाला की तुम्ही श्रीरामपूरहून डबाभर करंज्या आणि केक आणायचात, ते आम्ही भांडून खायचो. पण तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात, हे विचारायची वेळ कधी आली नाही. आली तेव्हा विचारायला तुम्ही नव्हता.

पप्याचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. चौथीत माझ्या शेजारी बसायचा तोच पप्या, आता काष्टीत टेम्पो चालवतो.

"दत्त्या, बसलाय का उभाय?"

"उभाय. का रं?"

"मग बस आदी."

मी दुधाचा रिकामा कॅन पालथा घालून बसलो.

"साळवे बाई गेल्या रं. सकाळीच. सावेडीत, लेकीकडंच हुत्या."

मी कॅनच्या कडेवरचं वाळलेलं दूध नखानं खरवडत राहिलो. तोच म्हणाला, "आरं बोल की कायतरी. एकट्यानं किती रडू मी?"

मी इकडं तामिळनाडूत, कोइमतूरच्या बाजूला. निघालो असतो तरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. पप्यानं मोबाईलवर दाखवलं. तुम्ही दिसलाच नाहीत, नुसत्या माणसांच्या पाठी दिसल्या. कडेला आमच्या वर्गातली अश्विनी, कमरेवर पोर घेऊन. नंतर पप्या म्हणाला, "तुझ्या नावानं पन एक मूठ माती टाकली. दत्तात्रय बबन गोरे, असं म्हनून टाकली. बाईंना अर्धं नाव चालायचं न्हाई."

तुमच्या शीलाताईंनी आम्हा जुन्या पोरांना निरोप धाडलाय. आईच्या आठवणींची लहानशी पुस्तिका काढायचीये, दोन-चार पानं लिहा म्हणाल्या. अश्विनी लिहिणार आहे, ती आता स्वतःच बाई झालीये. तुमच्या बरोबरचे गुरुजी लिहिणार आहेत. त्यांच्यात मी नववीत शाळा सोडलेला. चार वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला. तुम्ही कुठं जन्मलात, किती वर्षं नोकरी केलीत, ते बाकीचे नीट लिहितील. मला तुमच्याशी एक भांडण पुरं करायचंय. म्हणून लिहितोय.

आपली शाळा दोन खोल्यांची, वस्तीवरची. पहिली-दुसरी गुरुजींकडं, तिसरी-चौथी तुमच्याकडं. इंग्रजीचं नाव निघालं की आमच्या घरातली माणसं आवाज खाली घ्यायची, दवाखान्यात घेतात तसा. फळ्यावरचं उतरवून काढायचं, वही तपासून घ्यायची, घरी गेल्यावर आई ती वही उलटीसुलटी बघून म्हणायची, "अक्षर लई झाक हाय." आत काय लिहिलंय ते तिला कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तुम्ही आलात आणि इंग्रजी हातात दिलंत. लग्नसराई सरली की सगळ्या वस्तीतून जुन्या पत्रिका गोळा करायला लावायच्यात. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ठसठशीत एकेक शब्द. लिंबाच्या झाडापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी, आणि डबाभर कपड्यांचे चिमटे. ज्याच्या हातात जो शब्द असेल त्यानं तो दोरीवर आपल्या जागी अडकवायचा. वाक्य वाळत घातल्यासारखं दिसायचं. कुणी मधेच एक शब्द घुसवायचा, मग सगळे चिमटे सरकवायला लागायचे. एकदा पप्याच्या शेळीनं दोरीवरचा 'ब्लॅक' ओढून खाल्ला. आम्ही तिला हाकलायला धावलो तर तुम्ही म्हणालात, "थांबा, खाऊ द्या तिला. आता तिनं काय केलं ते लिहा." त्या दिवशी मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलेलं इंग्रजीत लिहिलं. तीन ओळी होत्या. तिन्हींत चुका होत्या. तुम्ही चुकांना हात लावला नाहीत, फक्त विचारलंत, "आणि शेळी पळाली कुठं? ते राहिलं की."

पण भेळीचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. इथं परमुलखात मला तो इतक्या वेळा आठवलाय की आता मिठाची चवसुद्धा तोंडाला येते.

शनिवार, सकाळची शाळा. तुम्ही पिशवीतून चुरमुरे, फरसाण, शेंगदाणे, कांदे, मिरच्या, लिंबं आणि मिठाची अख्खी पुडी काढून टेबलावर मांडलीत. आम्हाला वाटलं, आज इंग्रजीला सुट्टी.

"भेळ करायची," तुम्ही म्हणालात. पोरं ओरडली. "पण करणार मी. मी आज लांबच्या देशातली बाई आहे. मला मराठी येत नाही, भेळ मी जन्मात बघितलेली नाही. तुम्ही इंग्रजीत लिहून द्यायचं. कागद सांगेल तेवढंच मी करणार."

"आन् कागदानं चुकीचं सांगितलं तर?" पप्यानं विचारलं.

"तर चुकीची भेळ खायची."

अश्विनी, पप्या आणि मी एका गटात. लिहायचं काम माझ्याकडं, कारण माझं अक्षर झाक. अडलेला शब्द तुम्हाला विचारायची मुभा होती. मी येऊन विचारलं, "बाई, 'हवं तेवढं' याला काय म्हनायचं?" तुम्ही म्हणालात, "इनफ." मला घबाड सापडल्यासारखं झालं. आमची आई सगळंच हवं तेवढं घालायची. मीठ हवं तेवढं, तिखट हवं तेवढं, पाणी हवं तेवढं. वाटी-चमचा कधी तिच्या हातात बघितला नाही. माझ्या कागदावर ओळीओळीला इनफ.

तुम्ही आमचा कागद उचललात आणि मोठ्यानं वाचायला लागलात. 'पुट ओनियन.' सालासकट अख्खा कांदा चुरमुऱ्यांवर ठेवलात. 'कट चिली.' मिरची कापलीत, बाजूला ठेवलीत आणि पुढची ओळ वाचायला लागलात.

"आवं बाई, टाका की ती आत!" अश्विनी ओरडली.

"मला मराठी येत नाही," तुम्ही मराठीत म्हणालात.

मग 'पुट इनफ सॉल्ट.' तुम्ही पुडी फोडलीत आणि अर्धी पुडी परातीत ओतलीत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बाई, इनफ तुमीच सांगितला हुता!"

"शब्द मी सांगितला, दत्ता. किती, ते तू सांगायचं होतंस. मला तर एवढं इनफ वाटलं."

शेवटची ओळ होती 'ईट.' तुम्ही खरंच एक घास घेतलात. तुमचं तोंड असं झालं की पोरं बाकाखाली लोळायला लागली, आणि मी रडता रडता हसलो.

मग आम्ही परत लिहिलं. 'टू पिंच सॉल्ट.' तुम्ही विचारलंत, "कुणाची चिमूट? माझी का पप्याची?" पप्यानं आपली दोन बोटं पुढं केली, ती तुमच्या निम्मीसुद्धा नव्हती. परत लिहिलं. शेवटी अश्विनीला सुचलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण. झाकण कुणाच्याही हातात तेवढंच राहतं. चौथ्या कागदावर भेळ जमली.

ती खात असतानाच केंद्रप्रमुख दारात उभे. खाली चुरमुरे सांडलेले, पोरांच्या तोंडाला फरसाणाचा चुरा, वह्या एकाच्याही समोर नाहीत.

"बाई, ही शाळा हाय का हाटेल?"

आम्हाला वाटलं आता तुमची बदली. तुम्ही शांतपणे आमचा चौथा कागद त्यांच्या हातात दिलात. "सर, इंग्रजीचा तास चाललाय. पोरांनी लिहिलंय त्यावरनं तुम्हीच एकदा करून बघा." त्यांनी इकडं तिकडं बघितलं, बाह्या सारल्या आणि सुरू केलं. मधेच अश्विनी किंचाळली, "सर, तिसरी ओळ सोडली तुमी!" साहेबांनी मुकाट्यानं मागं जाऊन तिसरी ओळ केली. खाल्ली. परत घेतली. जाताना कागद उलटसुलट करत म्हणाले, "कुणी लिहिलंय हे?"

"खाली बघा," तुम्ही म्हणालात.

खाली आमची तिघांची पूर्ण नावं होती. ती तुमची सक्तीच होती. दोन ओळी असोत नाहीतर पान असो, खाली नाव, बापाचं नाव, आडनाव. मला वाटायचं, हे शाबासकीसाठी. नाव असलं म्हणजे पाठीवर थाप कुणाच्या मारायची ते कळतं. पुढं लई वर्षं मी असंच समजत राहिलो.

नववीत आमच्या अण्णांचा मणका सरकला. घरचा धंदा म्हणजे दूध गोळा करायचा टेम्पो. सकाळ-संध्याकाळ कॅन उचलायला कुणीतरी पाहिजे होतं, मी थोरला. दिवाळीनंतर मी शाळेत गेलोच नाही. मी तेव्हा तुमच्या वर्गात नव्हतो, हायस्कूलला होतो, तरी तुम्हाला कुठून कळलं कोण जाणे. तुम्ही वस्तीवर आलात. आई चुलीपुढून उठली नाही, अण्णा झोपूनच होते. तुम्ही त्यांना एक शब्द बोलला नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणालात, "टेम्पो चालव. पण सतरा नंबरचा फॉर्म भर, घरी बसून दहावी दे." मी 'व्हय बाई' म्हणालो. त्यानंतर दर वर्षी तुम्ही विचारलंत आणि दर वर्षी मी 'व्हय बाई' म्हणालो. तो वाद आपला तसाच राहिला. फॉर्म मी आजवर भरलेला नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून सांगतो.

टेम्पोवरून गावाकडच्या दूध शीतकरण केंद्रात लागलो, तिथून एका ठेकेदाराबरोबर इकडच्या डेअरीत आलो. कागदावर मी हेल्पर आहे. काम ऑपरेटरचं करतो. टाक्या आणि पाइप आतून धुवायचे. आधी साधं पाणी, मग कॉस्टिक सोड्याचं कडक गरम पाणी, परत साधं, मग ॲसिड, परत साधं. एक पायरी चुकली तर हजारो लिटर दूध नासतं, नाहीतर माणूस भाजतो. आणि कामाला कोण? मी मराठी, बिकाश ओडिशाचा, दोघं बिहारचे, बाकी तमिळ. एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नाही. भिंतीवर इंग्रजीत एक कागद होता. त्याच्यावर लिहिलेलं, 'वॉश प्रॉपरली.'

बाई, तो कागद वाचल्यावर मला परातीतलं मीठच दिसलं. नीट धुवा म्हणजे किती? बिकाशचं नीट पाच मिनिटांचं होतं, बिहारच्या पोरांचं वीस. माझं तर संपायचंच नाही. मी भित्रा माणूस. घरी कडी लावली का ते तीनदा बघणारा, मी टाकी दोनदा धुवायचो आणि तरी झोप लागायची नाही.

एका रविवारी खोलीवर बसून मी नवीन कागद लिहिला. इंग्रजीत. मोबाईलला शब्द विचारले, पण वाक्यं माझी. 'दहा मिनिटं.' 'पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. पांढरट दिसलं तर परत.' 'ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडा. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. मगच पाइपचा जोड सोडा.' एकवीस ओळी झाल्या. बिकाशच्या हातात देऊन म्हणालो, मला काही विचारायचं नाही, फक्त कागद बघून कर. मी लांब उभा राहून बघितलं. जिथं तो अडला तिथं ओळ मोडून परत लिहिली. तीन रविवार गेले. शेवटी तो न अडता तळापर्यंत गेला, आणि मला एवढं भरून आलं की मी त्याला चहाबरोबर दोन वडे खाऊ घातले. "आज क्या है भाई, शादी फिक्स हो गया?" तो म्हणाला.

सुपरवायझर सेंदिल, चांगला माणूस आहे तो, त्यानं कागद वाचला, मान हलवली, संगणकावर टाइप केला, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक टाकीपाशी टांगला. खाली एक चौकट होती, तयार करणाऱ्याच्या नावाची. तिथं त्यानं स्वतःचं नाव घातलं. संगणक त्याचा, पद त्याचं. मला काही वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं. हेल्परनं असले कागद लिहायचे नसतात. ऑडिटवाले नाव बघतील, हा कोण म्हणून शोधतील, दहावीचा कागद मागतील. मला माझी नोकरी पाहिजे होती, नाव नको होतं.

पण तुम्हाला दाखवल्याशिवाय राहवेना. फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडून फोटो आला. तुम्ही सावेडीतल्या कुठल्याशा दुकानात जाऊन त्याची छापील प्रत काढली होती आणि तिच्यावर लाल पेन चालवला होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लाल पेन होताच! एकवीस ओळींना एकवीस बरोबरच्या खुणा. मी त्या मोजल्या. आणि तळाला, सेंदिलच्या नावाभोवती, मोठा लाल गोल.

लगेच फोन वाजला.

"कागद कुणाचा, दत्ता?"

"माझाच, बाई."

"मग खाली हा कोण?"

"आमचा सुपरवायझर. इथं असंच असतं, बाई."

"असं कुठं नसतं? म्हणून आपण तसंच चालू द्यायचं?"

मी चिडलो. तुमच्यावर आवाज मी जन्मात चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हणालो, "तुम्हाला पेन्शन आहे बाई, तुम्हाला नावाचं बोलता येतं. माझं नाव वर गेलं तर मी खाली येईन. मला नको तो मान." मागं तुमची नात कसलीतरी इंग्रजी कविता घोकत होती, ती ऐकू येत होती. मग तुम्ही "जेवलास का?" विचारलंत आणि फोन ठेवलात.

संध्याकाळी तुमचा निरोप आला. 'मान राहू दे बाजूला. अडलेल्या माणसानं विचारायला कुणाकडं जायचं?'

मी त्यावर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. विषय मिटवायला आम्ही पाठवतो ते. बाई, मी तुम्हाला पाठवलेली शेवटची गोष्ट ती आहे. एकही शब्द न लिहिता पाठवलेली, तीही तुम्हाला.

तुम्ही गेल्यावर आठवड्यानं तीन नंबरच्या टाकीवर बिकाश होता. कागदाप्रमाणं करत करत 'शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा' इथं आला. तीन नंबरला पाणी आणणारा व्हॉल्व्ह जुना आहे, बंद केला तरी थोडा गळतो. त्याचा शेवटचा थेंब कधी पडतच नाही. मला ते ठाऊक होतं. मी तिथं आधी त्याच्याही वरचा व्हॉल्व्ह बंद करतो, मग थांबतो. हाताला इतकं सवयीचं झालेलं की लिहायचं सुचलंच नाही. बिकाश अर्धा तास थांबला. थेंब चालूच. मग त्यानं खालचं नाव बघितलं आणि नावावर गेला. सेंदिलला फोन केला. सेंदिल ऑफिसात, मीटिंगमध्ये. टाकीला त्यानं कधी हात लावलेला नाही. म्हणाला, "थोड़ा लीक होता है. खोल तू." बिकाशनं जोड सोडला आणि गरम कॉस्टिक हातमोज्याच्या आत गेलं.

मी दोन टाक्या पलीकडं होतो. वीस पावलांवर. ओरडणं ऐकून धावलो, त्याचा हात नळाखाली धरला, बराच वेळ धरला. मनगट लाल झालं, कातडी थोडी गेली. डॉक्टर म्हणाले, हात वाचला. पट्टी बांधून घेताना मी त्याला विचारलं, "मुझे क्यों नहीं पूछा?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तेरे को क्यों पूछता? कागज तो साहब का है."

बाई, तेव्हा मला तुमचा लाल गोल कळला. चौथीतली सक्ती कळली. केंद्रप्रमुखांनी 'कुणी लिहिलंय' विचारलं तेव्हा तुम्ही शाबासकी मागितलीच नव्हती, अश्विनीला उभं करून साहेबांना त्यांच्या शंका तिलाच विचारायला लावल्या होत्या. पाच मिनिटं ती उत्तरं देत होती, आणि मी परातीतले शेंगदाणे वेचत होतो. कागद लिहिला आणि लपून बसलो, तर तो निम्माच लिहिला. मी नोकरीला भिऊन निम्मा कागद टांगला होता आणि उरलेला निम्मा बिकाशच्या मनगटावर उठला.

दुसऱ्या दिवशी मी सेंदिलपुढं उभा राहिलो. म्हणालो, कागदात एक ओळ कमी आहे, ती घालायची आहे. आणि खाली माझं नाव.

"क्रेडिट चाहिए?" त्यानं विचारलं. रागानं नाही. थकलेला होता तो, त्या रात्री झोपला नसावा.

"नहीं सर. लोग गलत आदमी को पूछ रहे हैं."

"तू हेल्पर है. ऑडिटवाले पूछेंगे."

"विचारू दे. उत्तर मला येतं."

हे मराठीतच बाहेर पडलं. त्याला ते कळलं का नाही, ठाऊक नाही. त्यानं संगणकावर तो कागद उघडला. मग स्वतःचं नाव खोडलं, म्हणाला, "बोल, पूरा नाम." मी सांगितलं. आपलं नाव त्यानं वरच्या चौकटीत घातलं, तपासणाऱ्याच्या. तेही बरोबरच आहे. आता तो तपासायलाही येतो, टाकीपाशी येऊन एकेक ओळ बोट ठेवून वाचतो. मागच्या आठवड्यात त्यानं माझी एक चूक काढली. मला राग आला नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, बघ, आता कागद शिकायला लागला.

ऑडिट पुढच्या महिन्यात आहे. काय होईल, मला माहीत नाही. काढलं तर काढतील. भीती गेली असं मी लिहिणार नाही. छातीत आहे ती आहेच, रोज उठलं की आहे. पण तिच्या शेजारी आता दुसरंही काहीतरी बसलंय. इतके दिवस मी लोकांना सांगायचो, मी नववीत शाळा सोडलेला. आता मी सांगतो, मी साळवे बाईंचा विद्यार्थी. इथं कुणाला त्याचा अर्थ कळत नाही. मला कळतो, आणि मान ताठ होते. आख्ख्या तालुक्यात इंग्रजी शिकवणारे पुष्कळ होते, बाई. पण वस्तीवरच्या पोराला, तुझ्या लिहिण्यावर परक्या माणसाचा हात सुखरूप राहू शकतो, हे शिकवणाऱ्या तुम्ही एकट्या. एकवीसच्या आता बावीस ओळी झाल्यात. बाविसावीवर खूण करायला कुणी नाही, ते मात्र रोज जाणवतं.

परवा ओडिशाची तीन नवीन पोरं आली. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची. दुपारी मी डबा उघडून बसलो होतो. त्यातला एकजण ओले हात झटकत दारात आला, कागदावरचं वाचून आलेला, एकेक अक्षर सुटं करत ओरडला, "द-त्ता-त्र-य बबन गोरे कौन है?"

घास हातात होता. क्षणभर वाटलं, बोलू नये. मग मी डबा झाकला, म्हणालो, "मैं. कहाँ अटका?" आणि त्याच्या मागोमाग टाकीकडं निघालो.